बिलाची मागची बाजू

हर्षदाबाई कुंभोजकरांनी परळी कधी पाहिली नव्हती, पण तिथल्या स्टेशनसमोरच्या लॉजमधलं गरम पाणी सकाळी सातलाच संपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्ध्याचा रिक्षावाला आधी किती मागतो आणि शेवटी कितीला तयार होतो, चंद्रपुरात मे महिन्यात कूलरचे पैसे वेगळे पडतात, लातूरहून उदगीरला जायला काय मिळतं, हे सगळं त्या कुपवाडच्या एमआयडीसीत एकाच खुर्चीवर बसून चोवीस वर्षांत शिकल्या होत्या. अजिंक्य कॉम्प्रेसर्सची माणसं देशभर यंत्रं दुरुस्त करत हिंडायची आणि परत आली की प्रवासाची बिलं बाईंच्या टेबलावर ठेवायची. बाई स्वतः फार तर जयसिंगपूरला बहिणीकडे जायच्या, तेही रविवारी, आणि संध्याकाळच्या आत घरी.

कंपनीचा बिलाचा फॉर्म फार जुना होता. त्यात तारीख, कुठून, कुठे, भाडं, लॉज, जेवण असे रकाने होते. खर्च का झाला, हे लिहायला मात्र जागाच नव्हती. कधीकाळी कुणा साइटवाल्यानं कोपऱ्यात 'कृपया मागे पाहा' असं लिहिलं आणि कागद उलटून कारण सांगितलं. पुढे तीच चाल पडली. पुण्याच्या मुख्य कार्यालयात फक्त पुढची बाजू जायची. मागची बाजू वाचायच्या त्या एकट्या हर्षदाबाई.

आणि काय काय असायचं त्या मागच्या बाजूंवर! 'गेस्ट हाऊसमध्ये मंत्र्यांचे पाहुणे, म्हणून लॉज.' 'जेवणाची पावती नाही. ढाब्यावरच्या मावशींकडे छापील काही नाही, पण भाकरी चांगली.' बाहुबली आवटी नावाचा एक फिटर होता, त्यानं परळीच्या एका बिलामागे लिहिलं होतं, 'लॉज खर्च शून्य. ऑपरेटरच्या घरी राहिलो. घरच्यांनी जाऊ दिलं नाही.' बाईंनी ते शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं होतं आणि सगळा विभाग हसला होता. नवरा गेल्यानंतरच्या वर्षांत बाईंना ऑफिसात यावंसं वाटायचं ते या कागदांसाठी, असं म्हटलं तरी चालेल.

मग 'पांथस्थ' नावाचं संगणकी यंत्र आलं.

नाव सुचवण्याची स्पर्धा झाली होती. पॅकिंग खात्यातल्या एकाला त्याबद्दल प्रेशर कुकर मिळाला. साइटवाल्यांनी आठ दिवसांत त्या भारदस्त नावाचं 'पांथ्या' करून टाकलं. पांथ्याचं काम सरळ होतं. कुठल्या कारखान्यातलं यंत्र बंद पडल्याची तक्रार आली, की तोच माणूस निवडायचा, गाडीचं तिकीट काढायचा, खोली ठरवायचा आणि भाडं परस्पर चुकतं करायचा. फिटरच्या खिशातला फोन चालताना एका तऱ्हेनं हलतो, रेल्वेत दुसऱ्या तऱ्हेनं आणि रिक्षात तर विचारूच नका. त्या हादऱ्यांवरून तो माणूस कशानं कुठे गेला, किती तास उभा होता, कधी बसला, याची नोंद आपोआप व्हायची. बिल लिहायचंच नाही, तर तपासायचं काय? हर्षदाबाईंच्या टेबलावर आता फक्त एक कुंडी आणि निवृत्तीला उरलेले पाच महिने होते.

पण पांथ्याला शिकवलं कसं, ही गंमत कंपनीत फारशी कुणाला माहीत नव्हती. लहान मुलाला आंब्याची व्याख्या पाठ करून आंबा कळत नाही. चार आंबे दाखवले, चार पेरू दाखवले, की कळतो. पांथस्थलाही कुणी नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. चोवीस वर्षांची दोन लाख चौदा हजार बिलं त्याला दाखवली होती, मंजूर आणि नामंजूर अशा शेऱ्यांसकट, आणि 'यावरून तूच ओळख' असं सांगितलं होतं. बिलं स्कॅन करायचं काम मिरजेच्या एका एजन्सीला दिलं होतं. त्यांचं यंत्र कागदाच्या दोन्ही बाजू एकदमच टिपायचं. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं, करू नका असंही सांगितलं नव्हतं.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत आवटी बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पण चेहऱ्यावर शाळेतून पळून आल्यासारखा भाव.

"मॅडम, ह्या पांथ्याचं डोकं फिरलंय बघा."

"आता काय केलं त्यानं?"

"परवा परळीचं काम दुपारी चारला संपलं. आदल्या दिवशी सकाळपासनं उभा होतो मी. पण नियम चौदा हाय की! सहाच्या आत काम संपलं तर मुक्काम नाही. बॅग भरली, तर फोनवर निरोप. 'आवटी, आज निघू नका. खोली राखून ठेवली आहे. सकाळचं तिकीट काढलं आहे.' मी म्हटलं, सापळा हाय. थांबलो की पगारातनं कापणार."

"मग काय केलंत?"

"घाबरत घाबरत झोपलो. पण झोपलो मात्र झकास!" तो हसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगा, आत बसून तुमीच बटणं दाबताय नव्हं?"

बाईंनी हसून मान हलवली. आवटी गेल्यावर मात्र त्या बराच वेळ कुंडीकडे बघत बसल्या. गेली एकवीस वर्षं त्या नियम चौदा मोडत आल्या होत्या. थकलेल्या माणसाचा मुक्काम त्यांनी एकदाही कापला नव्हता. शेऱ्यात 'अपवाद' लिहायचं आणि सही करायची. आपण गेल्यावर हे बंद पडणार, या विचारानं त्यांना वर्षभर चैन नव्हतं. आणि इथे ते न पाहिलेलं यंत्र कुणी न सांगता तेच करत होतं. बाईंना त्याचे आभार मानावेसे वाटले, पण यंत्राचे आभार कुठे जाऊन मानायचे ते कळेना.

हे सुख चारच दिवस टिकलं. बुधवारी संगणक विभागातला सोहेल मुजावर त्यांना बोलवायला आला. पांथस्थला शिकवलं होतं ते यानंच. मुलगा हुशार, बोलायला मऊ, आणि वाईट बातमी सांगायची असली की आधी चहा मागवायचा. चहा आधीच येऊन बसला होता.

"मॅडम, देवस्थळी मॅडमनी तीन महिन्यांचा हिशेब पाहिला. मुक्काम नियमापेक्षा फार जास्त निघालेत. यंत्रात दोष आहे, असं त्यांचं म्हणणं." अन्विता देवस्थळी म्हणजे कंपनीच्या अर्थप्रमुख, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या. "मी शोधलं. दोष यंत्रात नाही. ते तुमच्याकडनं शिकलंय. तुमच्या सहीचे दोन हजार तीनशे सोळा अपवाद आहेत."

बाईंनी विचारलं, "मग आता?"

"त्या म्हणतायत, तुमच्या सहीची सगळी बिलं बाजूला काढा आणि यंत्राला नव्यानं शिकवा. चार तासांचं काम आहे. मग नियम चौदा जसाच्या तसा लागेल. आणि तुमच्या चौकशीचं पत्रही तयार आहे." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "पण उद्याच्या मीटिंगआधी तुम्ही हे बघायला पाहिजे."

मुजावरनं जे केलं होतं त्याला संगणकवाले प्रभाव-शोध म्हणतात. यंत्राचा एखादा निर्णय घ्यायचा, उदाहरणार्थ आवटीचा परळीतला मुक्काम. मग एकेका जुन्या बिलाबद्दल विचारायचं, हे बिल दाखवलंच नसतं तर निर्णय किती बदलला असता? ज्याच्या नसण्यानं निर्णय सगळ्यात जास्त ढळेल, ते बिल त्या निर्णयाचं मूळ. गंमत अशी, की एकसारख्या हजारो बिलांचं प्रत्येकी वजन फार थोडं भरतं. शेत कुठे संपतं हे मधल्या मातीवरून कळत नाही, बांधाच्या दगडावरून कळतं. तशी जवळजवळ सारखी दोन बिलं आणि त्यांवर दोन उलट निकाल अशी जोडी सापडली, की यंत्र तिथेच आपली हद्द आखतं.

पडद्यावर ती जोडी होती. नांदेडजवळचा तोच एक साखर कारखाना, तसंच काम. उजवीकडचं बिल आवटीचं, शेरा 'अपवाद, मंजूर'. डावीकडचं बिल क्रमांक ४४७१, त्याच्यापेक्षा चार महिने जुनं, मल्लाप्पा बिरनाळे यांचं. लॉज साडेसहाशे रुपये. त्यावर लाल शाईची काट आणि शेरा, 'नियम १४. नामंजूर. ह. कुं.'

"मागची बाजू दाखवू?" मुजावरनं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "मला पाठ आहे."

एकवीस वर्षांपूर्वी त्या नोकरीत तीन वर्षांच्या नवख्या होत्या. कुठल्या बिलात काय जास्तीचं लावलंय ते हुडकून काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, आणि हेडक्लार्क चारचौघांत तसं म्हणायचे. बाईंना त्याचा अभिमान होता. महिनाअखेरीला साठ बिलांचा गठ्ठा होता. बिरनाळेंच्या बिलावर 'कृपया मागे पाहा' लिहिलेलं होतं. काम संध्याकाळी पाचला संपलेलं, नियम स्पष्ट. बाईंनी कागद न उलटता काट मारली. बिरनाळे म्हणजे कंपनीचा सगळ्यात वाकबगार फिटर, पण हुज्जत घालणारा माणूस नव्हे. कापून आलेले पैसे त्यांनी गपचूप घेतले.

पाच आठवड्यांनी त्याच कारखान्यात तोच बिघाड झाला. पुन्हा एकोणीस तास काम. पुन्हा पाचला संपलं. या खेपेला बिरनाळे थांबले नाहीत. कंपनीची जीप स्वतः चालवत निघाले आणि मोहोळच्या पुढे रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

विम्यासाठी कागद गोळा करताना ते बिल बाईंच्या हाती लागलं, आणि तेव्हा त्यांनी ते उलटलं. बिरनाळेंचं ठसठशीत अक्षर होतं, 'काम सलग एकोणीस तास. डोळे मिटत होते. जीप चालवणं बरं वाटलं नाही, म्हणून राहिलो.' बाई त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली, त्या अक्षराखाली एक ओळ लिहिली आणि फाइल कपाटात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी कुठलंही बिल आधी उलटून पाहिलं आणि पुढची बाजू नंतर.

कंपनीनं बिरनाळेंना स्टोअरला, सुटे भाग देण्याच्या खिडकीवर घेतलं. पुढची एकोणीस वर्षं बाई रोज त्या खिडकीवरून गेल्या आणि कधी थांबल्या नाहीत. सांगू, उद्या सांगू, करता करता बिरनाळे निवृत्त होऊन उदगीरला मुलीकडे निघूनही गेले.

मुजावरनं खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, ती पेन्सिलची ओळ मी वाचलीय. अजून कुणी वाचली नाही. मी ती पुसून टाकू का? स्कॅन तर आहे, कुणाला पत्ता लागणार नाही. तुमचे पाच महिने राहिलेत."

तो मनापासून म्हणत होता, आणि त्याबद्दल बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, "ओळ काढली तर त्या बिलात काय उरतं?"

"एक कापलेलं बिल."

"आणि माझ्या अपवादांत?"

मुजावर घुटमळला. "मन मानेल तशा दिलेल्या सवलती, असं दिसेल."

"म्हणजे मुक्काम जाणार. आवटी चार वाजता बॅग उचलून निघणार." बाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "राहू द्या ती ओळ."

गुरुवारच्या बैठकीला तिघंच होती. देवस्थळी मॅडम छत्तीस वर्षांच्या, नाकापुढे बघून काम करणाऱ्या. आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडत नसे.

"कुंभोजकर मॅडम, मी आरोप करत नाहीये. मला समजून घ्यायचंय. दोन हजार तीनशे सोळा अपवाद. याला अपवाद म्हणायचं की नियम?"

"नियमच म्हणा," बाई म्हणाल्या.

देवस्थळींना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्या मुजावरकडे वळल्या. "याचं मूळ दाखवा." बिल क्रमांक ४४७१ भिंतीवर आलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे तर नामंजूर आहे! सवलतींचं मूळ नामंजुरीत कसं?"

मुजावरनं जोडीचा आणि बांधाच्या दगडाचा प्रकार सांगितला. देवस्थळी ऐकत होत्या, पण त्यांची नजर बिलाच्या कोपऱ्यावर खिळली होती. "इथे 'मागे पाहा' लिहिलंय. मागे काय आहे?"

"मी वाचते," हर्षदाबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. पडद्यावर मागची बाजू यायच्या आतच त्यांनी सुरुवात केली होती. चष्मा टेबलावरच राहिला. बिरनाळेंची तीन वाक्यं त्यांनी संथपणे म्हटली. मग पेन्सिलची ओळ. "मी मागे पाहिलं नाही. माणसाचा पाय गेला. चूक माझी आहे. हर्षदा कुंभोजकर."

एवढं बोलून त्या बसल्या नाहीत. "चौकशी करा, मॅडम. जे व्हायचं ते माझं होऊ दे. पण यंत्राला हात लावू नका. मला जे समजायला एक पाय जावा लागला, ते त्याला आधीच समजलंय."

देवस्थळींनी भिंतीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "बिरनाळे म्हणजे स्टोअरचे? मी नवीन आले तेव्हा माझी पाठ दुखायची. कुणी न सांगता त्यांनी मला खुर्चीची उशी शोधून दिली होती." पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला आणि तसाच खाली ठेवला. "हा नियम चौदा केला कुणी?"

"मी लागले तेव्हा होताच," बाई म्हणाल्या.

"नोंदीत तारीखच नाही," मुजावर म्हणाला. "सहीसुद्धा नाही."

"एकशे बारा माणसं फिरतीवर आहेत आपली, आणि कुणाचाच नसलेला नियम त्यांना रस्त्यावर काढतोय. काढून टाका तो आजच. पांथस्थला हात लावायचा नाही. बोर्डाला काय सांगायचं ते मी बघते." मग त्यांना काहीतरी सुचलं. "मुजावर, या पांथस्थमध्ये मागची बाजू कुठे आहे?"

मुजावर गडबडला. मागची बाजू ठेवायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एक बोलायची जागा ठेवा. माणसाला दोन वाक्यं सांगायची असतील तर सांगता यावीत." त्या बाईंकडे वळल्या. "चौकशीचं पत्र मी पाठवत नाहीये. पण हा कागद मला बोर्डापुढे ठेवावा लागेल, आणि तो बिरनाळेंचाही आहे. त्यांना हे माहीत आहे?"

बाईंनी मान खाली घातली. "नाही."

"मग त्यांची परवानगी तुम्हीच घेऊन या. कंपनीच्या कामानं, उदगीरला."

"मी? मी कधी गेले नाही, मॅडम."

"आता जा," देवस्थळी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या.

अशा रीतीनं चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासावर सह्या करणाऱ्या हर्षदाबाई सोमवारी सकाळी सहा दहाच्या गाडीनं मिरजेहून निघाल्या. पांथ्यानं खिडकीची जागा दिली होती. कुर्डुवाडी आली, बार्शी गेली. एकेक नाव त्या पाटीवर वाचत होत्या आणि त्या त्या गावची बिलं त्यांना आठवत होती. हे सगळं खरंच होतं तर! माणसं इथून गेली होती, इथे उतरली होती, इथलीच भाकरी जेवली होती आणि परत येऊन आपल्याला सांगत होती. आपलं आयुष्य खुर्चीत गेलं असं त्यांना अधूनमधून वाटायचं, आज ते वाटेना. एवढ्या जणांनी आपल्याला एवढं हिंडवून आणलं, म्हणून त्यांचा ऊर भरून आला. मग लातूर आलं, पांथ्यानं ठरवलेली गाडी स्टेशनबाहेर उभी होती, आणि बाईंनी पिशवीतला कागद पुन्हा एकदा चाचपला.

बिरनाळे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बासष्ट वर्षांचे, केस पांढरेशुभ्र, डाव्या पायात जयपूर फूट. "आलासा? बसा, बसा," म्हणून त्यांनी असं स्वागत केलं, जसं काही बाई दर महिन्याला येत होत्या. त्यांची मुलगी शिवलीला गुरांची डॉक्टर होती. तिनं आधी पाणी दिलं, मग जेवायलाच बसवलं. बाईंनी कसेबसे चार घास खाल्ले. शेवटी हात धुऊन त्यांनी पिशवीतून बिलाची छापील प्रत काढली आणि बिरनाळेंपुढे ठेवली.

"साडेसहाशे!" बिरनाळे म्हणाले. "आठवतंय की. ह्याचं काय आता?"

"मागे पाहा."

त्यांनी कागद उलटला. स्वतःचं अक्षर वाचून मान हलवली. मग पेन्सिलच्या ओळीशी थांबले. ओठ हलवत त्यांनी ती एकदा वाचली आणि पुन्हा वाचली.

"हे कवा लिहिलासा, बाई?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

"आन् रोज माझ्या खिडकीम्होरनं मान खाली घालून जायचासा, ते ह्यापायी व्हय?" त्यांचा आवाज बदलला. "मला वाटायचं, बाईंना माझा लाकडी पाय बघवत न्हाई."

बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. हा विचार त्यांच्या स्वप्नातही आला नव्हता. एक चूक लपवायला त्यांनी एकोणीस वर्षं मान खाली घातली होती, आणि ती रोज त्या माणसाला टोचत होती.

"नाही हो, बिरनाळे! माझी मान वर व्हायची नाही. मला माफ करा. बिलासाठी करा आणि त्या खिडकीसाठीही करा." एवढं बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं.

बिरनाळेंनी त्यांना रडू दिलं. मग कागद मांडीवर नीट पसरत ते म्हणाले, "बाई, चूक तुमची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर साडेसहाशे पदरचं घालून मलाबी झोपता आलं असतं. मीच हट्टाला पेटलो. कापताय काय, मग थांबतच न्हाई म्हटलं. ट्रॉलीवाल्यानं दिवा लावला न्हाई. सगळ्यांची थोडी थोडी हाय." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आन् एक सांगू? साइटवर असतो तर ह्या पोरींची नुसती लग्नं बघितली असती. स्टोअरला बसलो, म्हणून त्यांच्या शाळा बघितल्या. हिचा अभ्यास मी घेतलाय, इचारा."

"गणितात मारायचेसुद्धा," शिवलीला दारातून म्हणाली.

"पार्ट न्यायला पोरं खिडकीशी यायची. म्हणायची, कुंभोजकर बाई मुक्काम कापत न्हाईत. कारण मला ठावं नव्हतं. आज कळलं. माझ्या पायामागनं किती जण झोपून घरी आले म्हणा की." त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल हाय का?"

बाईंच्या पिशवीत पेन्सिल नेहमीच असायची. बिरनाळेंनी बाईंच्या ओळीखाली, तशाच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'वाचलं. राग नाही. बोर्डाला दाखवा. म. बिरनाळे.'

बाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. जिवात जीव येणं म्हणजे काय ते त्यांना त्या अंगणात कळलं. माफ करणाऱ्या माणसाचे, ते बिल जपून ठेवणाऱ्या यंत्राचे, ओळ पुसायला निघालेल्या मुजावरचे, सगळ्यांचेच आभार त्यांच्या मनात एकदम दाटले.

साडेचार वाजले तशा त्या निघायला उठल्या. संध्याकाळची गाडी गाठायची होती. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

'हर्षदा कुंभोजकर, आज निघू नका. पहाटे साडेचारपासून जाग्या आहात. घरी पोचेपर्यंत वीस तास होतील. उदगीरमध्ये खोली राखून ठेवली आहे. सकाळचं तिकीट काढलं आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. दोन हजार तीनशे सोळा वेळा दिलेला मुक्काम आज त्यांच्या नावावर आला होता. त्यांनी फोन बिरनाळेंपुढे धरला.

"शहाणं हाय की तुमचं यंत्र," बिरनाळे म्हणाले. "पर खोली कशाला? शिवलीला, ह्यांना जाऊ देऊ नगंस."

"लॉजवर कुठं जाताय, काकू?" शिवलीलानं त्यांची पिशवी उचलून घरात नेलीसुद्धा. "संध्याकाळी कढी करणार आहे मी."

बाईंनी खोली रद्द केली. पडद्यावर मुजावरनं नवीनच ठेवलेली जागा उघडली. 'मुक्कामाबद्दल काही सांगायचं आहे?' हर्षदाबाईंनी घसा साफ केला, फोन तोंडाजवळ धरला आणि आयुष्यातल्या आपल्या पहिल्या बिलाची मागची बाजू भरली.

"लॉज खर्च शून्य. घरच्यांनी जाऊ दिलं नाही."

क्षणभरानं उत्तर आलं, 'मंजूर.'